मँचेस्टरचा पहिला अंक

अण्णा,

मँचेस्टरच्या त्या नाटकाच्या पहिल्या अंकासाठी खरं काय काय लागलं, ते आज पहिल्यांदाच कागदावर मांडून बघतोय. जर्मनीचा व्हिसा इंग्लंडला चालत नाही, म्हणून तुमचे दोन वेगळे व्हिसा आणि त्यांच्यासाठी सांगली ते पुणे चार फेऱ्या. दोनदा बोटांचे ठसे. त्यात तुमचा उजवा अंगठा मशीनला पटेना, तेव्हा तुम्ही बाटलीतलं पाणी लावून तो चोळत बसलात. माझे तीन महिने कागद जमवण्यात गेले. मग फ्रँकफर्टहून विमान, दोन रात्रींचं हॉटेल, चौथ्या रांगेतल्या अगदी मधल्या दोन खुर्च्या. एवढं सगळं लावून जे पदरात पडायचं होतं, ते चौदा मिनिटांत गेलं. आणि ती चौदा मिनिटं माझी होती, तुमची नव्हती.

हे आज आठवायचं कारण म्हणजे इकडच्या, कार्ल्सरूहे गावातला एक मुलगा. मूळचा पुण्याचा आहे, नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पुढच्या आठवड्यात तो आई-वडिलांना तीन दिवस मँचेस्टर दाखवायला नेतोय. त्याचा मेसेज आला, ‘काका, तुमची ती यादी पाठवा ना.’ माझी यादी इकडच्या मराठी मंडळात प्रसिद्ध आहे. नाटक कुठलं बघायचं, कॅनॉलकाठच्या जुन्या गोदामात गाणी ऐकायला कुठल्या वारी जायचं, चायनाटाऊनच्या कमानीजवळ शाकाहारी काय मिळतं, भारतीय हॉटेलांच्या रस्त्यावर कुठल्या पाटीला भुलायचं नाही, सगळं त्यात आहे. नाटकाआधी जेवायचं तर हॉटेलवाल्याला आधी सांगायचं, म्हणजे तो दोन पदार्थांचं आटोपशीर जेवण देऊन वेळेत मोकळं करतो, हेही आहे. यादीची पहिली ओळ नाटकाची. आज तिथेच अडकलो.

तुम्ही सदतीस वर्षं नाट्यगृहाच्या खिडकीत प्लॅनवर, तिकिटं विकायला बसलात. समोर खुर्च्यांचा छापील तक्ता, कानावर निळी पेन्सिल. कुठली खुर्ची करकरते, कुठे पंख्याच्या घरघरीत शेवटचे शब्द बुडतात, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. बाल्कनीतली खांबामागची तिकिटं तुम्ही कधी गुपचूप खपवली नाहीत. पैसे घेण्याआधी मान वर करून विचारायचात, “समोर खांब आहे. चालेल?” एकदा नाटक लावणारा कॉन्ट्रॅक्टर यावरून चिडला, तेव्हा तुम्ही पेन्सिल त्याच्या पुढ्यात ठेवलीत आणि म्हणालात, मग तुम्ही बसा. तिसरी घंटा झाली की तुमचं दुसरं काम सुरू व्हायचं. दारावर फाडून घेतलेली अर्धी तिकिटं जुळवायची, तक्त्याशी ताडायची, सह्या घ्यायच्या. ते संपेपर्यंत मध्यंतर. मग तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचात. तुम्हाला शेकडो नाटकांचे दुसरे अंक पाठ होते आणि पहिला एकाचाही नाही. रिटायर झालात त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला आणि तुमची संध्याकाळ घरात अडकली. ती गेल्यावर तुम्ही इकडे आलात. एकदा ट्राममध्ये मी सहज विचारलं, काय बघायचंय? तुम्ही म्हणालात, कळेल अशा भाषेतलं एक नाटक, पडदा उघडतो तिथपासून. जर्मन तुम्हाला येत नव्हतं, पण इंग्रजी पेपर तुम्ही रोज अग्रलेखासकट वाचायचात. म्हणून तुमच्या पुढच्या खेपेला मँचेस्टर.

त्या संध्याकाळी आपण साडेपाचलाच हॉटेलात बसलोय. तुम्ही तपकिरी कोट घातलाय, आणि वरच्या खिशातली तिकिटं दर थोड्या वेळाने चाचपून बघताय. जेवण झालं, शेवटी तो खजुराचा गरम केक आला आणि तुम्ही म्हणालात, गुळपोळीचं सारण वाटीत काढल्यासारखं लागतं हे. सगळं वेळेत चाललं होतं. तेवढ्यात माझ्या कानावर शेजारच्या टेबलावरचं बोलणं पडलं. दोन माणसं गिअरबॉक्सच्या आवाजाबद्दल बोलत होती. तिसऱ्या गिअरमध्ये येणारी शीळ चार महिने सापडत नव्हती म्हणे. आल्झो, म्हणजे कसं, माझं पोट कशावर चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. आयटीआयचा फिटर मी, पुण्याच्या कारखान्यात नुसत्या आवाजावरून गिअरचा खराब दात ओळखायचो आणि त्याच कानांवर इथवर आलो. तेव्हा माझी कंपनी म्हणजे मी आणि एक भाड्याचं गॅरेज. मी खुर्ची वळवली, कार्ड काढलं, हसत हसत त्यांच्यात शिरलो. तुम्ही चमचा वाटीत सरळ ठेवून वाट बघत होतात. पहिल्यांदा नुसतं घड्याळ पुढे केलंत. दुसऱ्यांदा म्हणालात, “अरे, दुसरी घंटा झाली असेल.” मी बोट वर करून म्हटलं, दोन मिनिटं, अण्णा. त्या दोनाची चौदा झाली.

त्या ओळखीतून पुढे मला मोठं काम मिळालं. आज माझ्याकडे अकरा माणसं आहेत, त्याची सुरुवात त्या टेबलावर झाली. हे मी कधी नाकारत नाही.

थिएटरच्या आतल्या दारात जाकीट घातलेला एक म्हातारा उभा होता. तो अगदी अदबीने म्हणाला की या नाटकाला मध्येच कुणाला सोडत नाहीत, आता मध्यंतरालाच. मी आवाज चढवला, आम्ही किती लांबून आलोय ते सांगितलं. तुम्ही माझी बाही ओढलीत. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणालात, “आपल्याकडे हे कधी जमलं नाही.” मग लाल गालिच्यावरच्या बाकावर बसून थोडंसं हसलात. “काय योग आहे बघ. इथंही दुसराच अंक.”

ते मला सोसेना. मी उठलो, दाराला कान लावला आणि आत चाललेला अंक तुम्हाला मराठीत सांगायला लागलो. समुद्रकाठचं घर, दोन बहिणी, नुकताच वारलेला बाप, होडी घेऊन गेलेला आणि बुडालेला भाऊ. वाक्यावाक्याला मान हलवत तुम्ही ऐकत होतात. दारावरचा म्हातारा कौतुकाने बघत होता. हा किस्सा मी गेली बारा वर्षं सांगतो. प्रत्येक गणपतीला कुणी ना कुणी फर्माईश करतं आणि मी शेवटी कानाला हात लावून म्हणतो, एक वाक्य गाळलं नाही बरं का, गेनाऊ जसंच्या तसं. लोक टाळ्या देतात. तुमची सून मात्र म्हणते, “अहो, ते दार आता मिटा एकदाचं.”

मध्यंतरात आपण आत गेलो. तुम्ही आधी मागे वळून खांब मोजलेत, मग खुर्ची हलवून बघितलीत, करकरली नाही. पडदा उघडला. थोड्या वेळाने बॅग घेऊन एक तरुण आत आला आणि धाकटी बहीण त्याला दादा म्हणत बिलगली. तुम्ही माझ्या कानाशी येऊन विचारलंत, “हा बुडाला होता ना?” मी म्हटलं, दुसरा भाऊ असेल. तुम्ही नुसतं “हं” केलंत. त्यानंतर काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणालात, नाटक चांगलं होतं, पहिला अंक जास्त चांगला. मी खूश झालो. माझ्यासारख्या हुशार कानांच्या माणसाला तुमच्या त्या बोलण्यातलं काही ऐकू येऊ नये, याचं आता नवल वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहाव्याला सांगलीत पोचलो. तुमच्या वेळचा डोअरकीपर भेटायला आला होता. सांगत होता की विलायतेच्या नाटकाची गोष्ट अण्णांनी खिडकीशी बसून आम्हा सगळ्यांना पहिल्या अंकापासून सांगितली, पाचसहा वेळा तरी. मी विचारलं, त्यात भावाचं काय होतं? तो म्हणाला, “होडी उलटते, सगळे म्हणतात बुडाला. पण प्रेत सापडत नाही. म्हणून तर दुसऱ्या अंकात येतो ना तो.” प्रेताचं मी काहीच सांगितलं नव्हतं, अण्णा. ते तुम्ही घातलंत. माझा अंक तुम्ही तुमच्या अंकाशी सांधून घेतलात आणि मग लोकांना सांगितलात. मला घाईत नीट ऐकू आलं नसेल असं समजून, की सगळं समजून, ते विचारायला तुम्ही नाही.

कार्ल्सरूहेच्या मुलाला आता यादी पाठवतो. पहिल्या ओळीत एवढंच घातलंय, अर्धा तास आधी दारात उभं राहा आणि जेवताना शेजारच्या टेबलाकडे लक्ष देऊ नका. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते ड्रॉवरमध्ये तुमच्या निळ्या पेन्सिलीजवळ राहील. पण किस्सा सांगताना जे दरवेळी गाळतो, ते निदान इथे लिहितो. त्या दारामागे आणखी एक दार होतं, दोन्हींना आतून जाड गादी लावलेली. मला एक शब्दही ऐकू आला नव्हता.