नवरा माझा, सही वन्संची

येशू मरिया योसेफ

आपिआ,
३ मे १९८७

चि. सौ. आकेनेसे हिस विटोलियाचे अ. उ. आ. वि. वि.

बातमी आधी सांगते, नाहीतर पोटात दुखेल माझ्या. बिशपांच्या कचेरीतून कळलं, पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला, आपल्या पासिलिओला डीकनची दीक्षा! अठरा वर्षं गावात धर्मशिक्षक म्हणून प्रार्थना सांगितल्या, आता वेदीपाशी फादरांच्या शेजारी उभा राहील, बाप्तिस्मे देईल, लग्नं लावील. वडील असते तर गावभर मिरवले असते. ते काम आता माझ्याकडे आलंय आणि मी ते मनापासून करते आहे.

जानेवारीत तो इथे आला तेव्हाच मी ओळखलं होतं. चटईवर मांडी घालून बसला, मान खाली. केस पिकायला लागलेला माणूस, आणि पोरासारखा बोटं मोडत होता. ताई, तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, म्हणाला. थोरल्या बहिणीला विचारायची आपली रीत आजकाल कोण भाऊ एवढी पाळतो! मी लगेच हो म्हटलं, आणि आमच्या शाळेतल्या टायपिस्टकडून बिशपना पत्र करून घेतलं, की मी त्याची थोरली बहीण, माझी संमती आहे.

आता कामाचं. दीक्षेच्या आहेरात द्यायला तुझ्याकडच्या दोन तलम चटया उन्हात घाल. गायनमंडळाला आतापासून जुंप. ईस्टरला पुरुषांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. बसायची व्यवस्था मी ठरवली आहे. मी पहिल्या रांगेत, काकू माझ्यामागे. तुझंही बघते कुठेतरी.

मुलांना पापे. लोभ आहेच, चटया विसरू नकोस.

तुझी,
विटोलिया


येशू मरिया योसेफ

फांगालेले, सवाईई,
१७ मे १९८७

ती. वन्सं यांना आकेनेसेचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चटया उन्हात घातल्या. पुरुष विहिरीतून वर आलेत, अजून काठावर आहेत.

पण नंतर जे झालं ते तुमच्या कानावर आलं नसणार. गेल्या रविवारी फादर अलापाती मिस्सेची उपासना करायला गावात आले आणि जेवताना त्यांनी खिशातून पाकीट काढलं. बिशपनी तुमचं पत्र परत पाठवलंय. लग्न झालेल्या माणसाला डीकन करायचं तर त्याच्या बायकोची संमती लागते, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली. बहिणीची चालत नाही. नवऱ्यानं तुला सगळं समजावलंय ना, असं फादरांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्यांनी सांगितलं होतं. सांगितलं होतं, वन्सं, विचारलं नव्हतं. मग फादरांनी एकेक वाचून दाखवलं. दीक्षेनंतर कुणाच्याही घरून बोलावणं आलं की त्यांनी हातातलं टाकून जायचं. आणि मी आधी गेले, तर त्यांना दुसरं लग्न करता येणार नाही. तुमच्या भावाच्या हातातला अळूचा घास हातातच राहिला. त्यांना हे ठाऊक होतं, मला सांगायचं राहून गेलं म्हणे.

नवरा माझा, सही तुमची, आणि मी चटया वाळवायला! एकोणीस वर्षं संसार केला. फादरांचं अंथरूण मी घातलं, वेदीवरचं कापड मी शिवलं, गावातल्या मुलींना प्रार्थना मी शिकवल्या. राग आलाय, लपवत नाही.

फादर कोरा कागद ठेवून गेलेत. जूनअखेर तो बिशपकडे पोचला नाही तर दीक्षा होणार नाही. मी तो पेटीत टाकलाय.

रागावलेली असले तरी तुमचीच,
आकेनेसे


येशू मरिया योसेफ

आपिआ,
२४ मे १९८७

चि. सौ. आकेनेसे हिस अ. उ. आ. वि. वि.

माझं पत्र परत! टाईप केलेलं, जाड कागदावरचं! बिशप आपल्याच बेटावरचे, त्यांना बहीण म्हणजे काय हे मी सांगायचं का? त्यांच्या स्वतःच्या दीक्षेला त्यांच्या बहिणी कुठे बसल्या होत्या ते मी पाहिलंय.

असो. नियम तो नियम. तुला विचारायला हवं होतं, हे मान्य. पासिलिओचे कान मी उपटीन. पण तू आता ताणू नकोस. दोन ओळींचं काम आहे. सोबत मसुदा पाठवते आहे. ‘मी खाली सही करणार आनंदाने आणि नम्रतेने’ इथून सुरुवात केली आहे. तेवढा तुझ्या अक्षरात उतरवून काढ आणि पाठव. काकूंनी मेजवानीसाठी डुकरं धरून ठेवलीत, गावोगाव निरोप गेलेत. आपलं हसं होऊ देऊ नकोस.

माया आहे म्हणून बोलते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
विटोलिया


येशू मरिया योसेफ

फांगालेले,
७ जून १९८७

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

मसुदा परत पाठवते आहे. भाषा सुरेख आहे, पण त्यात मी कुठेच नाही.

राग म्हणाल तर तो उतरलाय. तुमचे भाऊ माझ्यासमोर येऊन बसले, तुमच्यासमोर बसतात तसेच, मान खाली घालून. माफी मागितली. मग विचारलं, नीट, पहिल्यापासून. मी कागद पेटीतच ठेवला. तेव्हापासून माझे भाजीचे वाफे खुरपत सुटलेत. गवताबरोबर काकडीचे वेलही गेले.

खरं कारण तुम्हालाच लिहिते, त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी सात वर्षांची असताना आई गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरी बायको आणली. शेजारणी मला कुरवाळून बिचारी बिचारी म्हणायच्या. पण त्या बाईनं रोज सकाळी माझी वेणी घातली, मला चटई विणायला शिकवली, मी मोठी झाले त्या दिवशी मला जवळ घेऊन बसली. ती आली नसती तर माझं काय झालं असतं, कोण जाणे. आता माझी काटालिना आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तापानं मी तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते, तुम्ही बघून गेलात. या कागदावर सही करायची म्हणजे मी लिहून द्यायचं, की मी गेले तर माझ्या लेकीला दुसरी आई येणार नाही. बायका सवत येईल म्हणून घाबरतात. मी ती येणार नाही म्हणून घाबरते आहे.

हसायचं तर हसा, पण मला अंतर देऊ नका.

तुमची,
आकेनेसे


येशू मरिया योसेफ

आपिआ,
१४ जून १९८७

प्रिय आकेनेसे हिस अ. उ. आ. वि. वि.

हसले नाही. पत्र तीनदा वाचलं आणि मसुदा चुलीत घातला.

मग चांगले कपडे घालून बिशपना भेटायला गेले. भांडायलाच गेले होते, पण तिथे बसल्यावर वेगळंच तोंडातून आलं. विचारलं, बायको नाही म्हणाली तर? ते म्हणाले, तर नाही. आणि तिला त्यावरून कुणी एक शब्द बोलायचा नाही. आकेनेसे, आपल्या घरात माझ्या शब्दापुढे भावजयीचा शब्द चालतो, हे मी चोपन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला बोलू, जड गेलं. घरी येईपर्यंत पटलं.

तेव्हा ऐक. तू नाही लिहिलंस तर आहेराच्या आलेल्या चटया मी परत पाठवीन आणि चूक माझी होती असं काकूंना माझ्या तोंडानं सांगीन. हो लिहिलंस आणि देवानं तुला आधी नेलं, तर इथलं घर बंद करून मी फांगालेलेला येईन. माझे गुडघे दुखतात, मूलबाळ झालं नाही, वेणी घालायला मला येत नाही. पण शिकेन. मात्र मी वचन दिलंय म्हणून सही करू नकोस. तुला वाटेल तेच लिही.

नणंद म्हणून हुकूम पुष्कळ सोडले; आता माणूस म्हणून लोभ मागते.

तुझी,
विटोलिया


येशू मरिया योसेफ

फांगालेले, सवाईई,
२६ जून १९८७

प. पू. बिशप यांच्या सेवेशी आकेनेसेचा सा. न. वि. वि.

मी हे स्वखुशीनं लिहिते आहे का, असं आपण फादरांकरवी विचारलंत. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून थोडं लांबेल.

मी मेले तर माझ्या धाकटीला कुणी आई उरणार नाही, या भीतीनं माझा हात अडला होता. माझ्या नणंदेनं तिच्या परीनं मला धीर दिला. मग ती भीती मी शेवटी नवऱ्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी काटालिनाला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायला बसले. पोर रडली, वेणी एका कानावर आली, शाळेत सगळी हसली. गावसभेत पुरुषांनी विचारलं, पासिलिओ, डीकन व्हायचंय का न्हावी? त्यांनी सोडलं नाही. आज आठवा दिवस आहे. वेणी अजून सरळ येत नाही, पण संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

हा माणूस मला माहीत आहे. ओढ्याला पूर येतो, फादर पलीकडे अडकतात, तान्ही मुलं बाप्तिस्म्यासाठी थांबतात, ठरलेली लग्नं थांबतात. लोक आमच्या दारात येतात आणि यांना सांगावं लागतं की माझ्या हातात नाही. मग त्या दिवशी जेवण जात नाही त्यांना. ते आता त्यांच्या हातात यावं असं मला वाटतं. लोकांनी बोलावलं तर त्यांनी जावं. मी जेवण झाकून ठेवीन, नाहीतर तेही झाकून घेतील, शिकतायत सगळं.

भीती गेलेली नाही. ती असतानाच, सगळं कळून, कुणी भाग न पाडता, मी हो म्हणते. माझे पती पासिलिओ यांना आपण दीक्षा द्यावी.

आणि मला विचारलंत, याबद्दल आभार. आमच्या घरावर आपला आशीर्वाद असू द्यावा.

आपली नम्र,
आकेनेसे, पासिलिओची पत्नी

ता. क. मी काय लिहिलंय ते त्यांना सांगितलेलं नाही. उद्याच्या बोटीनं पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे आणि पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. कागद भिजलेला पोचला, तर समुद्राचं पाणी उडालं असेल असं समजून घ्यावं.