मिठाच्या डबीची चाल

मेपल क्रीक, आयोवा
सोमवार, २१ नोव्हेंबर १९२१

प्रिय एमॉस,

तुझा मित्र अजून नोकरीत आहे, ही बातमी आधी. परवा फुटबॉलमध्ये ब्रॅडबरी कॉलेजला आम्ही हरवलं, सात वर्षं ओळीनं हरल्यावर. आपण खेळायचं सोडलं तेव्हापासून मी कोच म्हणून तीन गावं फिरलो, दोन ठिकाणांहून हाकललो गेलो, आणि तिसऱ्या ठिकाणीही तेच होणार होतं. विश्वस्तांनी नवा कोच बघूनच ठेवला होता. नवीकोरी हॅट घालून तो सामन्याला त्यांच्याच शेजारी बसला होता.

गेल्या साली माझ्याच तोंडानं घात केला, हे तुला कळवायची लाज वाटली होती. नियम तुझ्या-माझ्या वेळचाच आहे: सामना चालू असताना कोचनं बाकावरून अवाक्षर काढायचं नाही, काढलं की संघ पंधरा यार्ड मागे. आठवडाभर घसा कोरडा करायचा आणि शनिवारी मुक्यानं बसायचं. शेवटच्या मिनिटाला मी "अरे गाढवा, डावीकडे बघ!" म्हणून ओरडलो आणि हातातला सामना गेला. पोरांना तोंड दाखवायला मला महिना लागला.

म्हणून यंदा बायकोनं, हिल्डानं, काकवीची टॉफी केली, दगडासारखी. "तोंड बंद ठेवणं तुला या जन्मी जमायचं नाही," म्हणाली, "निदान भरलेलं ठेव." दोनदा ओरडायला गेलो तर दातच सुटेनात. बाकावरची पोरं हसून हसून लोळत होती.

शेवटची दोन मिनिटं उरली होती, आम्ही तीन गुणांनी मागे, आणि ही शेवटची संधी. मैदानावर चाल पुकारणाऱ्या आमच्या क्वार्टरबॅकनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसता डोळे वटारून बसलेलो. तो हसला आणि त्यानं स्वतःच काहीतरी ठरवलं. आमची सगळी फळी उजवीकडे धावली, ब्रॅडबरीवाले तिच्यामागे, आणि हा पठ्ठ्या चेंडू घेऊन डावीकडून एकटाच, फिरायला निघाल्यासारखा गोलरेषेपार गेला आणि सामना आमचा झाला. मी उरलेली टॉफी तशीच गिळली. ती चाल मी कुणालाच शिकवली नव्हती.

एमॉस, ती तुझी चाल होती. १८९९ साली खानावळीच्या टेबलावर तू सगळ्या ताटल्या उजवीकडे सरकवल्या होत्यास आणि मिठाची डबी हळूच डावीकडून नेली होतीस. पुढच्याच आठवड्यात तुझा गुडघा गेला आणि ती चाल कधी खेळलीच गेली नाही. सामना संपल्यावर पोराला बाजूला घेऊन विचारलं, "कुठे शिकलास रे?" म्हणाला, "घरीच, कोच. बाबा फुटबॉलचं नाव काढू देत नाहीत, पण जेवताना मिठाची डबी हाताशी आली की त्यांना राहवत नाही."

होय, तो तुझा हार्लन. वर्तमानपत्रात दोन वर्षं त्याचं नाव मामाच्या आडनावानं, व्हिटकर म्हणून छापून येतं. त्यानं गळ घातली आणि मी तुला कळवलं नाही. तोंड बंद ठेवणं मला एकदाच जमलं, तेही नको तिथे. रागव माझ्यावर, तुझा हक्कच आहे. त्याचे दोन्ही गुडघे धड आहेत. येत्या शनिवारी संघाचं जेवण आहे. मी एकेकाचं नाव पुकारून कॉलेजचा लोकरी स्वेटर देतो आणि तो ज्याचे त्याचे वडील पोराच्या अंगात चढवतात. हार्लननं तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली, म्हणून हे पाचवं मी लिहितोय. गाडी दुपारी दोनला पोचते, स्टेशनवर मी उभा असेन. नाव हार्लन टटल असंच पुकारू ना?

तुझाच, अजून तोंड चिकट असलेला,
रूबेन