मोठ्यांची हजेरी

शनिवार, ता. ९

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो, हे तू विचारायच्या आतच लिहून टाकतो. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वॉशर मीच बदलला. जावईबापूंचा खोकला थांबला का?

माझ्यासाठी खोलीला रंग दिलास, एसी बसवून घेतलास, असं फोनवर म्हणालीस. रंग कोणता, ते विचारायचं राहिलं.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण फोनवर आपलं बोलणं गोळ्या, गॅस आणि हवा यांच्या पलीकडे जात नाही, आणि मला तुला शाळेतलं सांगायचं आहे.

आईच्या वर्गातल्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली होती. तिच्या जागी आलेल्या सरांनी दोन वेळा निरोप पाठवला. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला मी, दुसऱ्या कुणी शाळेची किल्ली अशी घरात ठेवली असती तर त्याला काय काय ऐकवलं असतं, ते तुला ठाऊक आहे. काल शेवटी निघालो. फाटकावरच शिपाईमामांच्या हातात किल्ली ठेवायची आणि माघारी फिरायचं, असं ठरवून गेलो होतो.

मामांनी हात मागे घेतले. "माझ्याकडे दिलेली वस्तू हरवते, साहेब. म्हणून तर शाळेनं मला फाटक दिलंय. तेवढं हरवत नाही. चला, मीही तिकडेच निघालोय."

म्हणून आत गेलो. शेवटचा तास चालू होता. आईच्या टेबलाशी दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती आणि सर मागच्या बाकावर मुलांत अंग चोरून बसले होते. मला वाटलं, नाटकाची तालीम असेल.

"नवे सर," मुलीनं पुकारलं.

"हजर," सर उभे राहून म्हणाले. "सकाळी माझ्या मुलावर उगाच ओरडलो. ते मनातून जात नाही."

"घरी गेल्यावर त्याला सांगा. बसा. मोठ्या बाई."

मुख्याध्यापिका दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "हजर. मला चष्मा लागलाय आणि मी तो मुद्दाम घरी विसरते."

"शिपाईमामा."

"हजर," माझ्या पाठीमागून आवाज आला. "आजही फाटक हरवलं नाही."

"हा विनोद झाला, मामा. खरं सांगा."

"बरं बाई. गुडघा दुखतोय. कुणाला सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलंत. बसा."

मग तिनं पुकारलं, "बाई."

माझा हात खिशातल्या किल्लीवर होता, तो तिथेच राहिला. एक मुलगा उठला. "बाई हजर. बाईंना शिंक आली की त्या फळ्याला सॉरी म्हणायच्या."

"झालंय ते! मागच्या महिन्यात झालंय!" सगळा वर्ग ओरडला. मुलगा खट्टू होऊन बसला. तेवढ्यात मुलीचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"तुम्ही बाईंच्या घरचे ना?"

मी मान हलवली.

"बरं झालं आलात, काका. आमच्याकडचं संपत आलंय."

ही मुलगी म्हणजे वकीलबाई. हे नाव आईनंच ठेवलेलं. मोठ्या बाईंनी मला नंतर सगळं सांगितलं. मागे एकदा ही मुलगी चार दिवस गप्प गप्प होती. आईनं कारण विचारलं, तर म्हणाली, "मोठी माणसं आम्हाला सगळं विचारतात आणि स्वतःचं काही सांगत नाहीत. मग आम्हीच का सांगायचं?" आईला ते पटलं. म्हणून तिनं त्या शुक्रवारपासून मोठ्यांची हजेरी सुरू केली. पुकारा मुलं करणार, 'हजर' मोठ्यांनी म्हणायचं आणि जोडीला स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट सांगायची. त्यानंतर मुलं तिला सगळं सांगू लागली, न विचारता. मला मात्र ती घरी यातलं काही बोलली नव्हती. मीही कधी विचारलं नसेल.

आई गेल्यावर तिच्या नावाचं काय करायचं, यावरून वर्गात मोठं भांडण झालं म्हणे. कुणी म्हणालं, गैरहजर म्हणू. वकीलबाईनं ते हाणून पाडलं. "गैरहजर म्हणजे उद्या येणार असतात." शेवटी ठरलं की नाव पुकारायचंच आणि ज्याला बाईंची एखादी नवी गोष्ट ठाऊक असेल त्यानं ती सांगायची. उन्हाळ्यापासून त्यांनी असं रेटलं होतं.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती तुम्हाला रागवायचा सराव करायची. न्हाणीघरात. आरशासमोर."

मग मागून एकजण, "म्हणजे तो राग खोटा होता?"

"पहिल्या ओळीपर्यंत खरा असायचा. मग तिलाच हसू यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून."

चिमणे, काय हसली ती पोरं. बाकं वाजवली. एकजण आईसारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर आणखी हसली. त्या हसण्यात माझंही हसणं होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

"आणि काका?" वकीलबाईनं पुकारलं.

"हजर," मी म्हणालो.

"नुसतं हजर चालत नाही."

मला काही सुचलं नाही. तिनं मला अडचणीत ठेवलं नाही. "चालेल. पुढच्या शुक्रवारी सांगा."

घरी आल्यावर शर्ट खुंटीला लावताना कळलं, किल्ली खिशातच आहे.

खोलीचा रंग कळव.

तुझा
बाबा


शनिवार, ता. १६

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. पिस्ता रंग चांगला, डोळ्यांना थंड. तुझ्याकडे राहायला यायच्या तिकिटाचं बघतो म्हणालो होतो. अजून बघितलेलं नाही.

काल किल्ली द्यायलाच म्हणून पुन्हा गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो का, ते विचारू नकोस. वर्गात शिरताच किल्ली सरांपुढे धरली. सरांनी हात पुढे केला तोच वकीलबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"सर, किल्ली घ्यायची नाही."

"अगं, ग्लोब आत अडकलाय. मी इतके दिवस चेंडूवर खंड काढून शिकवतोय."

"किल्ली घेतलीत की काका यायचे नाहीत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. मग ते वर्गाला म्हणाले, "मग ग्लोबचं काय?"

"ग्लोब शुक्रवारी," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. आधीच ठरवून बसले होते लबाड.

तर कपाट मी उघडलं. ग्लोबच्या मागून आईनं वेळोवेळी जप्त केलेला माल निघाला. दोन भोवरे, एक पाण्याची पिचकारी, प्लॅस्टिकची पाल. पाल ज्याची होती तो मुलगा इतका उंच झालाय की पालच त्याला घाबरेल. तरी त्यानं ती लगेच खिशात घातली. सरांनी तास संपेपर्यंत ग्लोब फिरवत शिकवलं. मग मी कपाट बंद केलं आणि किल्ली घरी घेऊन आलो.

आईची गोष्ट सांगितली ती अशी, की इतकी वर्षं भूगोल शिकवून तिला बाजारातून घरी यायचा रस्ता दरवेळी कुणाला तरी विचारावा लागे. हे ऐकून पोरं धन्य झाली. एकजण म्हणाला, "मग मला नकाशात शून्य का दिलं?"

माझी गोष्ट यावेळीही राहिली. वकीलबाईनं नुसत्या भुवया उंचावल्या.

तिकिटाचं पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा
बाबा


शनिवार, ता. २३

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही विषय टाळताय." टाळतच होतो. आज लिहितो.

काल माझं नाव आलं तेव्हा मी खुर्चीला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "हजर. आमच्या घरी पंख्यावरून रोज भांडण व्हायचं. तिला पाचवर लागायचा, मला दोनवर. ती झोपली की मी दोनवर करायचो, ती जागी झाली की पाचवर करायची. आता पंखा पाचवरच असतो. मी दोन पांघरुणं घेऊन झोपतो."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, पोरांपुढे नको ते बोलून बसलो. मोठ्या बाई बाहेर बघत होत्या. मग तो प्लॅस्टिकच्या पालीवाला उठला आणि अगदी व्यवहारी आवाजात म्हणाला, "काका, मग चारवर आणा की. बाईंना चार चालला असता."

"चार नाही, साडेतीन," दुसरा म्हणाला.

"पंख्याला साडेतीन नसतं रे, ढब्बू."

यावर वर्गात मतदान झालं. बाई तडजोड करणाऱ्या होत्या, असं दोन्ही पक्षांचं म्हणणं पडलं. चार बहुमतानं मंजूर झाला. वकीलबाई म्हणाली, "काका, बसा," आणि मी बसलो. आई गेल्यापासून इतकं हलकं होऊन मी कुठे बसलो नव्हतो.

घरी येताना शिपाईमामा फाटकापर्यंत आले. "साहेब, आमचं पण असंच होतं पहिल्यांदा," म्हणाले. "मी तर तीन शुक्रवार संडासात लपलो होतो."

तर आता खोलीचं. तू ती मनापासून केलीस, ते मला कळतं. पण तिथे एसी आहे, आणि एसीवरून माझं कुणाशी भांडण झालेलं नाही. मी राहायला येत नाही, चिमणे. शाळेला सुट्टी लागली की येईन, भरपूर राहीन, पिस्ता रंग डोळे भरून बघेन. शाळा उघडायच्या आधी मला सोड म्हणजे झालं. किल्ली माझ्याकडे आहे. मी गेलो नाही तर मुलांना ग्लोब मिळायचा नाही.

माझी काळजी करू नकोस. करायचीच असेल तर एक काम कर. माझ्याकडच्या गोष्टीही कधीतरी संपतील. तुझ्याकडे आईच्या कितीतरी असतील, ज्या तू मला सांगत नाहीस, मी रडेन म्हणून. रडलो तर रडलो. शुक्रवारच्या आत एक पाठव. आणि पत्राच्या शेवटी तुझी स्वतःची एक. नुसतं 'बरी आहे' चालत नाही, हे मी आता शिकलोय.

पंखा काल रात्रीपासून चारवर आहे. एक पांघरूण पुरलं.

हजर,
बाबा