झुहैरचे बेगसाहेब

अश्रफिया, बैरुत
१२ ऑक्टोबर १९८४

ती. अफीफाताईस, धाकट्या वदीअचा सा. न. वि. वि.

तुझ्या गेल्या पत्राविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. चार पानांच्या त्या पत्रात माझ्या प्रकृतीची चौकशी दीड ओळीत उरकली आहे आणि तुमच्या मांजरीच्या बाळंतपणाला सव्वा पान दिलं आहे. हा प्रमाणाचा अक्षम्य भंग होय. पाद्रीबुवांनी वेताच्या छडीने आपल्याला पत्रलेखनाचं जे शास्त्र शिकवलं, त्यात सहोदर प्रथम आणि मार्जार तदनंतर असा स्पष्ट क्रम होता. असो. बाळंतिणीस आशीर्वाद.

मी बरा आहे. पाणी दिवसाआड, वीज तिच्या मर्जीनुसार, फोन गतप्राण. हे पत्र सायप्रसच्या बोटीने जाणाऱ्या एका दंतवैद्याच्या हाती देतो आहे. माणूस विश्वासू वाटतो. मात्र पाकीट घेताना त्याने माझ्या दातांकडे पाहिलं आणि मान हलवली.

आमचा तळघरातला रंगमंच फेब्रुवारीपासून बंद आहे, हे तुला ठाऊकच आहे. माझा जोडीदार झुहैर आईला भेटायला शहराच्या पलीकडच्या, मुसलमान भागात गेला आणि मागे रस्ता बंद झाला, तो झालाच. आता इकडे तनूस नावाच्या गृहस्थाने एका जुन्या सिनेमागृहात खुर्च्या मांडल्या आहेत. मी एकट्याने खेळ करावा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, करतो की. शेखसाहेबांची नक्कल माझ्यापाशी आहेच.

तनूसचा चेहरा पडला. शेख तर आपले, रविवारी आपल्याच चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारे. त्यांना कोण हसणार, असं त्याने विचारलं. लोकांना पलीकडचे बेगसाहेब हवेत. मग मी त्याला आमचा नियम समजावला. सोळा वर्षं मी आमच्या शेखांची नक्कल केली आणि झुहैरने त्यांच्या बेगांची. आपल्या घरची उष्टी भांडी आपण घासायची, शेजाऱ्याच्या मोरीत शिरायचं नाही. दोघे पुढारी पहिल्या रांगेत बसून स्वतःला हसायचे. एका वर्षी बेगांचं गाणं जरा लांबलं, तर दुसऱ्याच सकाळी शेखांचा कारभारी दारात हजर. आमच्या साहेबांत हसण्यासारखं काही कमी आहे का, अशी त्याची पृच्छा. तनूसने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तो काळ सरला. आता दोन्ही घरची भांडी तुम्हीच घासा, म्हणजे तुमचा तो निःपक्षपातही अबाधित राहील.

युक्तिवाद बिनतोड आहे, म्हणूनच मला आवडला नाही. बेग झुहैरचे आहेत. त्याला विचारल्याशिवाय मी त्यांना हात लावणार नाही. त्याचं घर इथून पायी अर्ध्या तासावर आहे, पण हल्ली तिकडचा रस्ता तुमच्या साओ पावलोवरून जातो. तेव्हा त्याला लिहून विचार आणि कळव.

बाकी क्षेम. संध्याकाळी घरात बोलायला कुणी नसतं, म्हणून मी भांड्याकुंड्यांना भाषणं देतो. तीही हसत नाहीत.

धाकट्यावरचा लोभ निदान मांजरीइतका तरी असू द्यावा.

तुझा
वदीअ


साओ पावलो
१० डिसेंबर १९८४

चि. वदीअस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? रात्री उशाशी पाणी ठेवतोस ना? घे, तीन ओळी झाल्या.

सोबत झुहैरचं पाकीट आहे. मी उघडलेलं नाही. त्याने मलाही वेगळं लिहिलं आहे आणि माझ्या हातच्या वांग्याची आठवण काढली आहे. तुला कधी आठवण आल्याचं स्मरत नाही.

आता जरा कडू बोलते. तुझं पत्र मी जेवताना ह्यांना वाचून दाखवलं. निःपक्षपात हा शब्द आला आणि हे पानावरून उठले. बिशाराभावजींना नाक्यावर गाडीतून उतरवून मारलं, तेव्हा ओळखपत्रावरचा धर्म वाचणारी माणसं बेगांचीच होती. तू एक टपली शेखांना मारणार, एक बेगांना, आणि सगळं फिटलं म्हणून पडदा पाडणार. माझ्या जावेने तुझ्या खेळाला येऊन कुठे हसायचं, तेवढं मला सांग. झुहैरच्या मामाचं घर आपल्याच पोरांनी जाळलं, हेही मी विसरलेले नाही. त्यालाही मी पत्रातून हेच विचारलं आहे. समोर कुणी रडत असताना दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून उभं राहायचं, हे मला काही शहाणपणाचं वाटत नाही.

आणि मधोमध उभं राहून तुला मिळालं काय? पलीकडच्यांचा तू शत्रू, आपल्या माणसांचा घरभेदी. ईस्टरला तरी कुणी जेवायला बोलावतं का तुला? खरं सांग.

रागावू नकोस. तू एकटा आहेस, म्हणून बोलते. माया आहे तशीच आहे.

ताई


(सोबतचं पाकीट)

मुसैतबे, बैरुत
१८ नोव्हेंबर १९८४

पुत्राविना पिता श्री. अबू-वदीअ (म्हणजे स्वतःचाच बाप) यांस, झुहैरचा सप्रेम सलाम वि. वि.

अरे शहाण्या, माझे बेग मागायला तू ब्राझीलला जातोस? गच्चीवर चढून हाक मारली असतीस तरी ऐकू आलं असतं. बंदुकवाल्यांनीही ऐकलं असतं म्हणा.

घेऊन जा. इकडे माझे वाया चालले आहेत. मध्यंतरी दोघे जण आले, अगदी नम्रपणे. बंदुका दाराबाहेर ठेवल्या, आईच्या हातची कॉफी घेतली आणि सुचवलं, की मी आता शेखांची नक्कल करावी. मी सांगितलं, शेख वदीअचे आहेत, त्याचे वापरून झाले की मागून घेईन. ते हसले नाहीत. तेव्हापासून मी मामेभावाच्या दुकानात बसून नळाच्या तोट्या विकतो. गिऱ्हाईक तोटी घेतं आणि बेगांसारखं एकदा बोला म्हणतं. मी तोटीचेच पैसे घेतो. आई मात्र खूश आहे. पोरगं सोळा वर्षांनी वेळेवर जेवायला येतंय.

ताई विचारतात, तुम्ही दोघे तटस्थ का. मी तटस्थबिटस्थ काही नाही, बाबा. माझं डोकं फिरतं. पण आधी माझ्या माणसांवर फिरतं, कारण ते माझ्या नावाने गोळ्या झाडतात. तुझ्या माणसांवर तू चिडायचं. दोघांचे राग एका मंचावर आले, त्याला पेपरवाले निःपक्षपात म्हणायचे. एवढीच ती भानगड होती.

आता बेग करणार असशील तर नीट कर, माझं नाव घालवू नकोस. पाय डावा ओढायचा. आवाज नाकातून नाही, टाळूतून. आणि एक गोष्ट तुला आंदण देतो. मोठं खोटं बोलण्याआधी ते दातांतून बारीक शीळ घालतात. समोर बसलेल्यालाच ऐकू जाईल, इतकीच. आई त्यांच्या घरी शिवणकामाला जायची, तिने मला करून दाखवली. पुढच्या खेळासाठी राखून ठेवली होती. पुढचा खेळ काही दिसत नाही, तेव्हा तू वापर.

अट एकच. ज्या रात्री बेग, त्याच रात्री शेख.

तुझ्या शेजारी उभं राहायची सवय सुटत नाही. दुकानातसुद्धा मी जरा उजवीकडे सरकून बसतो. आठवण ठेव.

झुहैर


अश्रफिया, बैरुत
९ मार्च १९८५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं पोचली. उत्तराला उशीर केला.

जानेवारीत खेळ केला. झुहैरची अट पाळली. आधी शेख केले. मला येतं तेवढं सगळं केलं, आणि नाट्यगृहात अशी शांतता पसरली की माझ्याच जोड्यांची करकर मला ऐकू येत होती. मग डावा पाय ओढत बेग आणले, आणि सगळं नाट्यगृह हसून कोसळलं. शीळ घातली तेव्हा तर लोक खुर्च्यांवरून खाली यायचे राहिले. ताई, सोळा वर्षांत असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मला ते गोड लागलं, हेही सांगून टाकतो.

खेळानंतर एक सभ्य बाई रंगपटात आल्या. हसून हसून डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं होतं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हुबेहूब हो. ते सगळे असेच असतात."

तेव्हा कळलं. झुहैर हेच करायचा, तेव्हा लोक बेगांना हसायचे. मी केलं, तेव्हा लोक झुहैरच्या आईला हसले. शब्द तेच, पाय तोच, नुसतं तोंड बदललं. तुझ्या जावेला सांग, मी मधोमध कधी नव्हतोच. मध्य आम्ही दोघे मिळून होतो. एकटा माणूस निःपक्षपाती राहूच शकत नाही. ज्या खुर्च्यांसमोर तो उभा असतो, त्यांचा तो होतो. तू म्हणतेस तशी बाजू मला घेता येत नाही. तुझ्या जावेने कुठे हसायचं, असं तू विचारलंस. तिने माझ्या खेळाला येऊ नये, एवढंच मी सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी मी तनूसला नकार दिला. त्याने जास्त गळ घातली नाही. त्याची गरज भागली होती. त्या रात्री कुणीतरी खेळ टेपवर घेतला होता आणि त्याची कॅसेट आता पेट्रोलपंपांवर विकली जाते. मी एक आणून ऐकली. त्यात शेख नाहीतच. शांतता कोण विकत घेतो? नुसते बेग आहेत, लोकांचं हसू आहे, आणि शीळ अगदी स्वच्छ आली आहे. रस्ता माणसांना बंद आहे, कॅसेटला नाही. पलीकडेही ती मिळते, असं एका टॅक्सीवाल्याने मला सांगितलं. चांगली चालते म्हणाला, आणि तुमचं अभिनंदन.

ती शीळ बेगांच्या दिवाणखान्यात बसलेल्यांनाच ठाऊक होती. ती ख्रिस्ती वस्तीतल्या नकलाकारापर्यंत कशी गेली, असा प्रश्न बेगांच्या घरात पडला असेल, तर उत्तर शोधायला त्यांना फार लांब जावं लागणार नाही. शिवायला कोण यायचं, ते त्यांना माहीत आहे. तिचा मुलगा कोण, हेही. मंचावर उभा असताना हे माझ्या मनात आलं नाही. शीळ सुरेख होती, म्हणून मी ती घातली.

तुझ्या जानेवारीच्या पत्रात त्याचं पाकीट नव्हतं. फेब्रुवारीच्याही नव्हतं. टपालाचा घोळ असेल, असं मी मनाला समजावलं. मग तो माझ्यावर रागावला असेल असं समजावलं, आणि त्याने बरं वाटलं. त्याने मला जन्मभर तोंड दाखवलं नाही तरी चालेल. तुला त्याने काही लिहिलंय का? त्याच्या आईने? मामेभावाच्या दुकानाचा पत्ता तुझ्याकडे असेल, तिथे लिही.

ताई, तटस्थता वगैरे मला आता काही सुचत नाही. झुहैर जिवंत आहे का, ह्याची मला भीती वाटते.

वदीअ