डावा हात

उमरेड, १२ फेब्रुवारी १९८४

चि. लतिकास रुपरावदादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या वहिनीचं मनगट ठीक आहे. हाड बसवताना तू जवळ होती म्हणून निभावलं. नर्स बहीण असावी तर अशी, तोंडाची फटकळ पण हाताची हलकी.

आता ऐक. तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेली माझी गोपिका दवाखान्यातून घरी येताच चक्क बोलायले लागली वं! गोळ्या झाल्या, विजेचे शॉक झाले, कशानं काही झालं नव्हतं. अन् आता ठेचा-भाकर मागे, शर्टाच्या बटनावरून मलेच झापे, प्लास्टरच्या बोटांत सूत धरून मागाच्या कांड्या भरे. आई भेली. म्हणे, विझताना दिवा मोठा होते, पोरगी चालली. मलेही तसंच वाटलं. निरोप धाडले. कळमेश्वरहून तिचा भाऊ मारोतराव माहेरचं शेवटचं हिरवं लुगडं घेऊन आला, आईनं तिच्या तोंडात गंगाजल टाकलं, सगळे रडून राहिले. गोपिकेनं विचारलं, कोण मेलं? कोणीच तिच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी ती पुन्हा भिंतीकडे वळली. आता हूं का चूं नाही. हाड बसवताना तिले कोणतं इंजेक्शन दिलं होतं? ते पुन्हा मिळव, बाई. माझं डोकं चालत नाही.

तुझा दादा
रुपराव

सदर, नागपूर, १९ फेब्रुवारी

ती. रुपरावदादास लतिकाचा शि. सा. न.

पत्र वाचून इतका राग आला की ड्युटीवर दोन पेशंट उगाच झापले. जित्या माणसाले गंगाजल! दादा गा, कोणी हसलं तर हसू द्यावं, एवढंही आपल्याले जमू नये काय?

औषधाचं नाव केटामाइन. भुलीच्या डॉक्टरले विचारलं. त्यांनीही एखादा उदास पेशंट भुलीनंतर हलका झालेला पाहिला आहे, पण त्यावर भरवसा ठेवावा असं काही त्यांच्या वाचनात नाही. तो असर तसाही उतरला असता म्हणाले, तेव्हा आईले बोल लावू नको. मले मात्र वहिनीचं टेबलावरचं, भुलीतलं बोलणं सुटत नाही. म्हणे, मी छपराच्या कवेलूंच्या वर आहे, खाली अंधारात कोणी बाई पडून आहे, तिले उठवा. डोळे मिटले की ती बाई मलेही दिसते.

पुन्हा द्या म्हणून पाया पडले. ते म्हणाले, हाड मोडलेलं नसताना भूल कशाची देऊ?

तुझी लतिका

उमरेड, २६ फेब्रुवारी

चि. लतिकास आशीर्वाद.

आईले अक्षर येत नाही, म्हणून आपल्या घरी पत्र मोठ्यानंच वाचायचं. तसंच तुझं वाचलं, ओसरीत. शेवटचं वाक्य संपलं अन् गोपिका आतून उठून आली. प्लास्टर नसलेला डावा हात तिनं मागाच्या लाकडावर ठेवला अन् म्हणाली, हा मोडा. पाणी मागावं तसं म्हणाली. इतक्या दिवसांत तेवढेच शब्द.

मी नाही म्हटलं. ती हात तसाच ठेवून बसली, दिवेलागणीपर्यंत. मुसळ, वरवंटा, सगळं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं. मले तिची भीती वाटून राहिली, लतिके, अन् त्याहून जास्त माझी. तिचं तोंड पाहून क्षणभर वाटलं होतं, मोडावा.

रुपराव

नागपूर, ३ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पत्र मी डॉक्टरच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग मनोविकाराच्या डॉक्टरले बोलावून दार लावून घेतलं. भरती करून, समोर बसून, थोडंसं देऊन पाहू म्हणाले. वचन काही नाही. गुण आलाच तर किती टिकेल तेही सांगता येत नाही. उतरल्यावर काय, हे मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं ये. वहिनीले सांग, हात मोडावा लागत नाही, साबूत घेऊन ये. आईलेही आण, पण गंगाजलाची लोटी घरीच राहू दे.

माझा राग विसर, माया तेवढी ठेव.

लतिका

ता. क. या खेपेले वहिनी हसली, तर कोणी रडू नका.