पुण्याची वेळ, बंगळूरचा चंद्र

१० जुलै, गुरु. पौर्णिमा
सुमनचे रिपोर्ट आले. डॉ.नी मला एकट्यालाच आत बोलावलं. सहा महिने, फार तर. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला सांगितलं, तुझं रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात. "एवढंच?" "एवढंच."

१२ जुलै, शनि.
सोमवारी संकष्टी. डॉ.नी उपास बंद सांगितलाय, पण सु. ऐकेल तर शपथ. "चंद्र दिसल्याशिवाय घास नाही. छत्तीस वर्षं केलंय." मग विचारते, हा पौर्णिमेनंतर रोज उशिरा का येतो, आणि झिजतो कशाने? पूर्वी कामाला होतो त्या पीण्या भागातल्या कारखान्यातली जुनी बेअरिंगची गोळी काढली. तिला उन्हात बसवून गोळी तिच्याभोवती फिरवली. अर्धी कायम उजळलेली. आपल्याला कधी ती सगळी बाजू दिसते, कधी नुसती कड. आणि चंद्र रोज पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला गाठायला पृथ्वीला रोज पाऊण-एक तास जास्त फिरावं लागतं. "सरी, कळलं," म्हणाली. फार दिवसांनी हसली. मला मात्र रडू यायला लागलं, गोळी ठेवायच्या निमित्ताने आत गेलो.

१४ जुलै, सोम. संकष्टी
आभाळ गच्च. सु. सकाळपासून पाण्यावर. संध्याकाळी भिंत धरून चालायला लागली. मेहुणीने पाठवलेल्या कॅलेंडरात चंद्रोदय नऊ पन्नास. तोवर कसाबसा थांबलो, गच्चीत गेलो. नुसते ढग. खाली येऊन म्हणालो, "शेजारच्या टाकीमागून आत्ताच डोकं वर काढलंय." जेवली. पोळी मागून घेतली.

१५ जुलै, मंगळ.
आभाळ मोकळं. सु.ला गच्चीत यायचंच होतं. शेजारच्या अक्कांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. सव्वादहाला टाकीमागून चंद्र आला. अक्का म्हणाल्या, "स्वल्प बसा, दम लागलाय." सु. बोटांवर मोजत होती. "रोज पाऊण तास ना? मग काल साडेनऊलाच आला असणार. तुम्ही दहाच्या सुमाराला म्हणालात, आत्ताच डोकं काढलंय."
कॅलेंडर पुण्याचं. बंगळूर पूर्वेला, इथे चंद्र आधी उगवतो. जन्म इथे गेला, आणि एवढं लक्षात येऊ नये.

१६ जुलै, बुध.
सकाळी कॉफी दिली तेव्हा तिने विचारलं, "परवा दिसला होता का?" नाही म्हणालो. व्रत मोडलं मी तिचं, रागावेल असं वाटलं. रागावली नाही. कॉफी निवेपर्यंत कप धरून बसली.
मग म्हणाली, "आणि डॉक्टरांनी आत बोलावून काय सांगितलं?"
दूध आणतो म्हणून बाहेर पडलो. दूध घरात होतं, हे तिलाही माहीत होतं.