तसं बरं चाललंय

सोमवार, ६ जानेवारी
ग्लेंडा तिच्या बहिणीकडे बर्नलीला गेली. बॅग भरताना म्हणाली, स्टॅनली गेल्यापासून तू हवापाण्याशिवाय चकार शब्द बोललेला नाहीस, मी काय भिंतीशी संसार करू? माझ्याशी नाही तर निदान समुपदेशकाशी बोल. बोललास की परत येईन.
स्टॅनली माझा धाकटा भाऊ. ऑक्टोबरात गेला. त्यावर काय बोलायचं? गेला तो गेला.
संकल्प: आठवड्याभरात समुपदेशक गाठणे, बोलून टाकणे, ग्लेंडाला घरी आणणे. जन्मभर लोकांना गाडी शिकवलीय. भल्याभल्यांनी माझ्या शेजारी बसून गाडी भिंतीवर नेली, मी डगमगलो नाही. हे काय अवघड आहे?

मंगळवार, ७ जानेवारी, सकाळ
खासगी समुपदेशिकेला फोन. पन्नास मिनिटांचे साठ पौंड! मी याहून कमी पैशांत पूर्ण तास देतो, आणि माझ्या धंद्यात जिवाला धोका असतो. फोन ठेवला. तत्त्वाचा प्रश्न आहे.
शिवाय नाताळपासून एकही शिकवणी घेतलेली नाही. रोज गाडी काढतो, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लावतो आणि बसून राहतो. थंडीमुळे असेल.

गुरुवार, १६ जानेवारी
सरकारी आरोग्यसेवेची मोफत तपासणी, फोनवर. पोरगी गोड होती. म्हणाली, अलीकडे उदास वाटलं का: मुळीच नाही, कधीमधी, की रोजच? आता ती बिचारी सकाळपासून लोकांची रडगाणी ऐकत बसलेली. तिच्या डोक्यावर माझं ओझं कशाला? म्हटलं, तसं बरं चाललंय. झोप? लागते तेव्हा लागते. भूक? टोस्ट असतो की. कशात रस वाटत नाही असं होतं का? म्हटलं, अहो, या गावात हिवाळ्यात कुणाला वाटतो?
शेवटी मीच तिला विचारलं, तू कशी आहेस बाई? तिचं लग्न मोडलंय. बराच वेळ बोलली. म्हणाली, किती हलकं वाटलं. छान झाली तपासणी.

शुक्रवार, २४ जानेवारी
निकाल आला. मला सध्या त्यांच्या मदतीची गरज दिसत नाही. ग्लेंडाला लगेच कळवलं, पास झालो! ती म्हणाली, नेव्हिल, ती लायसन्सची परीक्षा नव्हती, गाढवा. आणि फोन ठेवला. काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
नवा मार्ग. चर्चच्या हॉलमध्ये एक संस्था दर गुरुवारी चहा आणि गप्पा ठेवते. आतल्या खोलीत समुपदेशन, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यायचं. मी वेळेआधी हजर. तिथलं सगळं बघणारी रुख्साना एकटीच खुर्च्या ओढत होती. हाताची घडी घालून उभं राहणं आपल्याला जमत नाही. खुर्च्या लावल्या. मग किटली. तेवढ्यात लोक आले, एक बाई रडतच आली, तिला चहा दिला, साखर किती विचारलं. रुख्साना म्हणाली, देवासारखे धावून आलात हो! आणि गळ्यात एप्रन घातला. आता त्या एप्रनमध्ये कुठल्या तोंडाने सांगणार, की मी टेबलाच्या पलीकडचा आहे म्हणून?
पुढच्या गुरुवारी नक्की सांगणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी
बिस्किटांची व्यवस्था सुधारली. चॉकलेटची मागे, साधी पुढे. नाहीतर पहिले तिघेच फस्त करतात.
रुख्सानाला संशय आलाय. म्हणाली, नेव्हिल, आतल्या खोलीसाठी तुमचं नाव लिहू का? म्हटलं, लिहा, पण घाई नाही.

गुरुवार, १३ मार्च
आज माझा नंबर. एप्रन काढला, केस विंचरले. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. पहिलं वाक्य: माझा भाऊ गेला. दाराशी पोचलो तर मागून एक बाप आला, कडेवर लेकरू, डोळे सुजलेले. त्याचा नंबरच नव्हता. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. तो नको नको म्हणाला, मी नाही नाही म्हणालो, गेला एकदाचा. रुख्साना भडकली. म्हणाली, अहो, ही काय बसची रांग आहे? आता तुमचा नंबर थेट मे महिन्यात! म्हटलं, माझं काय, तसं बरं चाललंय.
एप्रन घातला. कप धुतले. स्टॅनलीला चहात चार चमचे साखर लागायची, आई ओरडायची. फार आठवण आली त्याची. धुतलेले कप परत धुतले.

रविवार, १६ मार्च
ग्लेंडाला सांगितलं, दर गुरुवारी जातो. तिचा आवाज एकदम मऊ झाला. बोलतोस का तिथे, म्हणाली. म्हटलं, सगळ्यांशी. यात खोटं काय आहे? येईल ती. आठवड्या-दोन आठवड्यांत येईल.

गुरुवार, ३ एप्रिल
ग्लेंडा हॉलमध्ये आली! माझा अंदाज चुकत नाही. लांबूनच म्हटलं, थांब, एवढं आवरतो, मग घरी जाऊ. ती म्हणाली, मी तुला न्यायला नाही आले, नेव्हिल. आतल्या खोलीत माझा नंबर आहे. तुझी चौकशी करायला इथे फोन केला होता, तर रुख्सानाने तू कशी आहेस असं मलाच विचारलं, मी खरं ते सांगितलं, रडले, तर तिने पहिली रिकामी वेळ मला दिली.
मग तिने माझ्या एप्रनकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. सवयीने तोंडातून गेलं, साखर किती? ती म्हणाली, साखर सोडून मला नऊ वर्षं झाली.
कप हातात घेऊन ती तिथेच थांबली. म्हणाली, तू कसा आहेस? खरं सांग.
तिच्या मागे रांग होती. लोक रिकामे कप धरून उभे.
म्हटलं, तसं बरं चाललंय.
ती आत गेली. दार लावून घेतलं. मागचा माणूस पुढे आला, म्हणाला, दोन चमचे.